‘तिथे पैसा आहे, पण माणुसकी नाही’ हे कितपत खरं?

तुम्ही विचारलंय की परदेशी स्थायिक व्हायचं जवळपास ठरलंय, पण घरातली मोठी माणसं म्हणतात, तिथे पैसा भरपूर आणि माणुसकीचा दुष्काळ. मग मुलांना तिथे वाढवावं का? व्हिसाचे प्रकार, फी, कागदपत्रांच्या याद्या हे सगळं सरकारी संकेतस्थळांवर आहे, ते मी लिहीत बसत नाही. तुमचा प्रश्न वाचला आणि दुसरं काही सुचेना, म्हणून हे.

आधी पैशाचं. श्रीमंत देशात गरीब नसतात हे डोक्यातून काढून टाका. जागतिक बँकेची अतिगरिबीची रेषा जून २०२५ पासून माणशी दिवसाला ३ डॉलर आहे, तीही त्या त्या देशातल्या महागाईचा हिशोब धरून. युरोपीय संघाचं माप निराळं: देशातल्या मधल्या उत्पन्नाच्या ६० टक्क्यांखाली गेलात की तुम्ही गरिबीच्या धोक्यात. पहिल्या मापात पोट भरतं का ते बघतात, दुसऱ्यात चारचौघांत वावरता येतं का ते. दुसऱ्या गरिबीला लाडाची गरिबी म्हणून हसणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांनी माझ्या लेकीच्या इथल्या, परदेशातल्या शाळेतून आलेला कागद वाचायला हवा होता.

फूड बँकेसाठी, म्हणजे गरजूंना खाण्याचं सामान फुकट देणाऱ्या केंद्रासाठी, काय काय द्यावं याची यादी होती ती. खाली एक ओळ: शिजवावं लागेल असं काही देऊ नका, नुसतं उकळतं पाणी ओतून तयार होणारं चालेल. म्हणजे घेणाऱ्याच्या घरात शेगडी आहे, पण ती पेटवली तर येणारं बिल भरायची ताकद नाही. त्याच आठवड्यात वर्गाला एका गरीब देशातल्या मुलांची फिल्म दाखवली, आणि बाईंनी माझ्या लेकीला पुढे बोलावून विचारलं, “तुमच्याकडेही असंच असतं ना?” तिला तिकडचं धड आठवतही नाही. मी मेल केला. दोन ओळींचं गोड उत्तर आलं, की तिचा अनुभव सगळ्यांना ऐकायला मिळावा एवढाच हेतू होता. फूड बँकेतून सामान नेणाऱ्या घरातली मुलं त्याच वर्गात असणार, त्यांना कुणी पुढे बोलावलं नाही. बोलावूही नये! पण स्वतःची गरिबी झाकून ठेवायची आणि दुसऱ्याची भिंतीवर दाखवायची, हे मला अजून पचलेलं नाही. जगातली पहिली फूड बँक १९६७ साली अमेरिकेत, फिनिक्स शहरात सुरू झाली, हे त्या फिल्ममध्ये कशाला असेल.

आता माणुसकीचं. २०१९ साली एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला होता. ४० देशांत मिळून १७ हजारांवर पाकिटं, ‘रस्त्यात सापडलं’ असं सांगून बँका, हॉटेलं, पोस्ट अशा ठिकाणच्या काउंटरवर दिली, आणि मालकाला कळवण्यासाठी किती जण ईमेल करतात ते मोजलं. स्वित्झर्लंड, नॉर्वे वगैरे वर, चीन तळाला. झालं, श्रीमंत तेवढे प्रामाणिक! मग २०२३ मध्ये चिनी संशोधकांनी तोच प्रयोग चीनमध्ये पुन्हा केला आणि पाकिटांचं पुढे काय झालं तेही पाहिलं. ईमेल थोड्यांनीच केला होता, पण बहुतेकांनी पाकीट जसंच्या तसं सांभाळून ठेवलं होतं, मालक शोधत येईल म्हणून. मला तरी दोन्हीकडचा फरक एवढाच दिसतो. इथे अनोळखी माणसाशी नीट वागायची रीत नियमात बसवलेली आहे. तिकडे ती माणसांवर सोडलेली आहे, म्हणून ओळखीच्याला सगळं मिळतं आणि परक्याला रांगेत ढकलतात.

एकटेपणाबद्दल लोक तुम्हाला घाबरवतील. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालात कमी उत्पन्नाच्या देशांत एकटं वाटणारे सुमारे २४ टक्के आहेत, श्रीमंत देशांत सुमारे ११. तेव्हा तो विषय मी इथेच सोडते.

खरी अडचण फॉर्मची. आईला इथे आणायचं तर नुसतं तिचं वय आणि आजारपण दाखवून भागत नाही. रोजचं उठणं-बसणं, अंघोळ तिला स्वतःला जमत नाही, आणि तिकडे पैसे मोजूनही तिचं करणारं कुणी मिळत नाही, हे सिद्ध करावं लागतं. (ब्रिटनने २०१२ साली असाच नियम केला, तेव्हापासून तिथे ही वाट जवळपास बंदच आहे.) आणि तिकडे आईच्या शेजारच्या मावशी होत्या. सकाळ-संध्याकाळ येणाऱ्या, औषधं देणाऱ्या, कुणी न सांगता. एका कागदात त्यांचा उल्लेख आला, त्यावर बोट ठेवून अर्ज परत. ज्या माणुसकीचं आपण इतकं कौतुक सांगतो तीच आमच्या विरुद्ध पुरावा ठरली. वकील म्हणाले, मावशींचं नाव कुठेच यायला नको होतं. अपिलात किती महिने गेले, भाषांतराच्या शिक्क्यांवरून किती हेलपाटे झाले, ते सांगत बसले तर तुम्ही तिकीटच रद्द कराल.

आता जे घरी कुणाला सांगत नाही ते. मला इथे सगळ्यात जास्त आवडतं ते हेच, की दारात येऊन कुणी मागत नाही. कर पगारातून कापला जातो, एका संस्थेला दरमहा रक्कम आपोआप जाते, आणि मी मोकळी. कुणाच्या तोंडाकडे बघून नाही म्हणावं लागत नाही. याला माणुसकीची गरिबी म्हणायचं तर म्हणा, पण तिची सवय लागते आणि बरी वाटते. मुलांना तर ती उपजतच वाटेल. त्याची तयारी ठेवा.

मावशींना मी दरमहा पैसे पाठवायला लागले. पहिल्यांदा त्यांनी परत केले, आता घेतात. पूर्वी फोनवर आई काय बोलली, कशावरून चिडली ते रंगवून सांगायच्या. हल्ली आधी औषधांचा हिशोब देतात. पैसे थांबवणं मला शक्य नाही, ते बरंही दिसणार नाही.

म्हणून तुम्ही निघण्याआधी एक करा. आईवडिलांचं कोण काय बघणार आणि त्याचे किती देणार, हे त्या माणसासमोर बसून ठरवा. फोनवरून तो विषय काढला की दोघांनाही अपमान वाटतो.