नातवाला घेऊन लेक गुपचूप निघून आली तर चालेल का?

प्रश्न : मॅडम नमस्कार, तुमचं सदर दर महिन्याला वाचते. माझी मुलगी ९ वर्षं न्यू जर्सीत आहे, एच-फोर व्हिसावर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर बायकोला मिळतो तो), नातू ६ वर्षांचा, तिथलाच जन्म म्हणून अमेरिकन नागरिक. जावई हात उचलतो हे तिने मागच्या दिवाळीत पहिल्यांदा सांगितलं, तोवर आम्हाला वाटायचं सगळं छान चाललंय. आता ती म्हणते, आई मी महिनाभर सुट्टीला जाते असं सांगून येते आणि परत जातच नाही. ओळखीतले एक जण म्हणाले भारताने हेगचा करार केलेला नाही, त्यामुळे इथे आल्यावर कोणी काही करू शकत नाही. खरं आहे का हे? तिला येऊ दे का? – एक आजी, नाशिक

उत्तर : काकू, खोटं सांगून तिकीट काढायचं सध्या थांबवा. लेकीने त्या घरात राहावं असं मी अजिबात म्हणत नाही, तिने बाहेर पडायलाच हवं, पण आधी तिथल्या कोर्टाचे कागद हातात आणि मग विमान.

ओळखीतल्यांचं अर्धं खरं आहे. १९८० चा हेग करार असा की, आईवडिलांपैकी एकाने १६ वर्षांखालच्या मुलाला दुसऱ्याच्या संमतीशिवाय देशाबाहेर नेलं तर ते मूल आधी राहत्या देशात परत पाठवायचं आणि ताबा कोणाकडे ते तिथल्या कोर्टाने ठरवायचं. शंभरच्या वर देश यात आहेत, अमेरिकाही आहे, भारत नाही. पण म्हणून जावई गप्प बसेल असं नाही ना. मूल तिथून निघाल्यापासून सहा महिन्यांच्या आत तो न्यू जर्सीच्या कोर्टात ताब्याचा दावा लावू शकतो, लेक तिथे नसताना एकतर्फी ऑर्डर होऊ शकते, आणि ती ऑर्डर घेऊन तो मुंबई हायकोर्टात हेबियस कॉर्पस, म्हणजे 'मुलाला कोर्टासमोर हजर करा' असा अर्ज, टाकतो. मग इथलं कोर्ट काय करेल? नित्या राघवनच्या केसमध्ये २०१७ ला सुप्रीम कोर्ट म्हणालं की परदेशी ऑर्डर हा विचारात घ्यायचा एक मुद्दा, मुलाचं हित सगळ्यात वर, आणि मुलगी आईकडेच राहिली. पण २०२० मध्ये यशिता साहूच्या केसमध्ये त्याच कोर्टाने आईला मुलीसकट अमेरिकेला परत जायला सांगितलं. त्यामुळे तुमच्या केसमध्ये काय होईल हे मी काय, कोणताच वकील छातीठोक सांगू शकणार नाही.

शिवाय अमेरिकेत १९९३ चा एक फौजदारी कायदा आहे, दुसऱ्या पालकाचा हक्क मोडायच्या हेतूने मूल देशाबाहेर नेलं तर ३ वर्षांपर्यंत कैद. घरातल्या मारहाणीतून जीव वाचवायला पळाले हा बचाव त्याच कायद्यात लिहिलेला आहे, पण तो सिद्ध तिलाच करावा लागतो, आणि नुसतं आईला फोनवर सांगितलं होतं एवढ्याने ते सिद्ध होणं फार अवघड.

इथे मला थोडं मनातलं बोलू द्या. हा हेग करार झाला तेव्हा डोळ्यांसमोर होता तो ताबा मिळाला नाही म्हणून मूल पळवणारा बाप, आणि आज या केसेसमध्ये मूल नेणाऱ्यांत सुमारे पाऊण हिस्सा आया आहेत, त्यातल्या कितीतरी मार खाऊन निघालेल्या. करारात 'मुलाला गंभीर धोका असेल तर परत पाठवू नका' अशी सूट आहे, पण आईला मारलं म्हणजे मुलाला धोका कुठे, असं बरीच कोर्टं म्हणत आली! ज्या पोराने दाराआडून आईचं ओरडणं ऐकलंय त्याला धोका नाही म्हणायचं? हे आता हळूहळू बदलतंय. २०२२ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने गोलान केसमध्ये सांगितलं की गंभीर धोका दिसल्यावरही मूल परत पाठवता यावं म्हणून सगळे संभाव्य उपाय तपासत बसायची सक्ती कोर्टावर नाही. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाने नियमातच कौटुंबिक हिंसेचा विचार घातला, २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सँडटनला खास याच विषयावर आंतरराष्ट्रीय बैठक झाली. आपल्या लॉ कमिशनने २००९ मध्येच करारात सामील व्हा म्हटलं होतं, भारत अजून बाहेरच आहे. माझं मत विचाराल तर सामील व्हावं, पण मार खाल्लेल्या आईची बाजू आपल्या कायद्यात स्पष्ट लिहूनच.

तर लेकीला सांगा, मारहाणीचे फोटो, मेसेज, डॉक्टरचे कागद जमवायचे आणि नवऱ्याला माहीत नसलेल्या ईमेलवर ठेवायचे. न्यू जर्सीतच 'मानवी' नावाची संस्था १९८५ पासून आपल्याकडच्या बायकांसाठी काम करते, तिथे आधी बोलायचं. मग फॅमिली कोर्टात टेम्पररी रिस्ट्रेनिंग ऑर्डर, म्हणजे नवऱ्याला तिच्यापासून लांब ठेवणारा तात्पुरता आदेश, मागायची, त्यात नातवाचा तात्पुरता ताबाही मागता येतो आणि पुढची सुनावणी साधारण १० दिवसांत लागते. व्हिसा नवऱ्याच्या जिवावर आहे म्हणून ती घाबरत असेल, तर त्यासाठी इमिग्रेशनचा वेगळा वकील. भारतात यायची परवानगी कोर्टाकडूनच मागायची, वेळ लागेल, पण मग कोणी तिला मूल पळवलं म्हणू शकणार नाही. आणि काकू, तुम्ही व्हॉट्सॲपवर यातलं काहीही लिहू नका, तिचा फोन तो बघत असेल.

प्रश्न : मी लंडनला असतो, बायको मुलीला घेऊन कोल्हापूरला गेली, चार महिने झाले मुलीचा आवाजही ऐकला नाही. मी कधी हात उचललेला नाही. काय करू? – एक वाचक

उत्तर : दादा, नातेवाइकांच्या बैठकीत आणखी महिने घालवू नका. मूल नव्या शाळेत, नव्या घरात रुळलं की कोर्टही त्याला हलवताना दहा वेळा विचार करतं. लंडनच्या कोर्टात अर्ज आणि इथे हायकोर्टात हेबियस कॉर्पस, दोन्हीकडच्या वकिलांशी याच आठवड्यात बोला. पहिल्याच तारखेला रोजचा व्हिडिओ कॉल मागा, वर सांगितलेल्या २०२० च्या निकालात तो मुलाचाही हक्क म्हणून सांगितलाय. आणि कॉल लागला की पोरीला आईबद्दल काही विचारू नका, शाळेत काय झालं तेवढंच विचारा.