फोन लॉक झालाय, आता काय? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

नौपाडा, ठाणे इथून एक वाचक लिहितात: आमच्या सासऱ्यांनी कुठलातरी फॉरवर्ड वाचला, घाबरले आणि रात्री बसून फोनचा पॅटर्न काढून सहा आकडी पिन टाकला. बोट लावून उघडत होते तोवर कोणाला काही कळलंच नाही. मग बॅटरी उतरून फोन बंद पडला, आता चालू केला तर बोट घेतच नाही, पिनच मागतो, आणि पिन काही त्यांना आठवत नाही. फोन सॅमसंगचा आहे. स्टेशनजवळचा एक दुकानदार म्हणतो डेटासकट उघडून देतो, दीड हजार होतील. नातवाच्या बारशाचे फोटो आहेत हो त्यात. देऊ का?

नका देऊ ताई. रीसेट मारून देणारे भरपूर आहेत, पण पिन माहीत नसताना आतलं सगळं तसंच ठेवून फोन उघडणं गल्लीतल्या दुकानाचं काम नाही. तुमचा पिन म्हणजे नुसती वरची कडी नसते, आतले फोटो मेसेज सगळे कोडमध्ये बंद असतात आणि तो कोड सोडवायची किल्ली फोनमधली चिप आणि तुमचा पिन मिळून तयार होते. २०१६ साली अमेरिकेत एका आयफोनसाठी एफबीआयने अॅपलला कोर्टात खेचलं, अॅपल बधली नाही, शेवटी बाहेरच्या कोणाची तरी मदत घेऊन तो उघडावा लागला, आणि इथे म्हणे दीड हजारात काम होतं! दुकानदार नेतो, रीसेट करतो आणि संध्याकाळी म्हणतो सॉरी मॅडम, डेटा उडाला.

बोट का घेत नाही हे बरेच जण विचारतात. फोन बंद होऊन चालू झाला की पहिल्यांदा पिन टाकावाच लागतो, त्याशिवाय ठसा किंवा चेहरा चालत नाही, सेन्सर बिघडलेला नाहीये. आत्ता त्यांना फोन करून बघा, बहुतेक रिंग वाजेल पण स्क्रीनवर तुमचं नाव येणार नाही, नुसता नंबर दिसेल, कारण कॉन्टॅक्टसुद्धा अजून कुलपातच आहेत.

आता करायचं काय ते. आधी वाट्टेल ते आकडे मारत बसणं थांबवा. चुकलं की पुढच्या वेळी थांबायचा वेळ वाढत जातो आणि काही फोनमध्ये ठराविक चुकांनंतर आपोआप सगळं पुसलं जाण्याची सेटिंग असते, ती चालू असेल तर संपलंच. एक कागद घ्या, आजोबांना चहा द्या आणि शांतपणे विचारा. टाकून बघितलेला प्रत्येक आकडा कागदावर लिहायचा म्हणजे तोच तोच परत होत नाही. सहा आकडी म्हटलं की ज्येष्ठ मंडळी हमखास कोणाची तरी जन्मतारीख टाकतात, लग्नाची तारीख टाकतात, नाहीतर सरळ घरचा पोस्टाचा पिनकोड, म्हणजे तुमच्याकडे ४००६०२. हसू नका, पिन टाका म्हटल्यावर पिनकोड टाकणारे खरंच असतात. जुन्या स्कूटरचा नंबर, पेन्शनच्या पासबुकातले शेवटचे आकडे हेही बघा.

नव्या सॅमसंगमध्ये लॉक बदलल्यापासून ७२ तासांच्या आत जुना लॉक वापरून सुटका करून घ्यायची सोय असते, म्हणजे त्यांना जुना पॅटर्न आठवत असता तर काम झालं असतं. तुमचं पत्र येऊन हे छापून होईपर्यंत ती मुदत गेली असणार, पण बाकीच्यांनी लक्षात ठेवा. दुसरं म्हणजे सॅमसंगच्या अकाउंटमध्ये रिमोट अनलॉक आधीपासून चालू असेल आणि फोनचं नेट चालू असेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवरून लॉक काढता येऊ शकतो. मात्र आधीपासून चालू असेल तरच.

हे काहीच जमलं नाही तर फोन पुसण्याशिवाय इलाज नाही, पण पुसायच्या आधी फोटोंचं बघा. मेमरी कार्ड असेल तर ते आधी काढून घ्या, बऱ्याचदा फोटो त्यावरच असतात. मग दुसऱ्या कॉम्प्युटरवर त्यांच्या जीमेलने गूगल फोटोज उघडा, बॅकअप चालू असेल तर बारसं तिथे सापडेल. व्हॉट्सअॅपसाठी सिम काढून दुसऱ्या अँड्रॉइड फोनमध्ये घाला, त्या फोनवर त्यांचं गूगल अकाउंट जोडा, व्हॉट्सअॅप टाका, ओटीपी येईल आणि ड्राइव्हवर बॅकअप असेल तर तो रिस्टोअर करू का असं विचारेल. आणि खरं सांगू, बारशाचे फोटो फॅमिली ग्रुपवर गेले नसतील असं घर ठाण्यात सापडायचं नाही, आत्याच्या फोनमध्ये बघितलंत का?

एक गोष्ट मात्र रीसेटच्या आधीच करायची, जीमेलचा पासवर्ड. २०१५ च्या अँड्रॉइड ५.१ पासून असं आहे की लॉक असलेला फोन बाहेरून रीसेट केला की चालू होताना तो आधीचंच गूगल अकाउंट मागतो, ते देता आलं नाही तर फोन नुसती वीट. आणि आपल्याकडे गंमत अशी की फोन घेताना दुकानातल्या पोराने काउंटरवर उभ्या उभ्या एक जीमेल काढून दिलेलं असतं, ते कोणाला आठवतंय! पासवर्ड विसरला असेल तर रिकव्हरीत त्यांचाच मोबाईल नंबर लागेल, सिम दुसऱ्या फोनमध्ये आहेच, कोड तिथे येईल. पासवर्ड नवीन केलात तर रीसेटला २४ तास थांबा, गूगलच तसं सांगतं. मग फोन बंद करून केबलने कॉम्प्युटरला जोडा, व्हॉल्यूम वाढवायचं आणि साइडचं बटण एकदम दाबून धरा, सॅमसंगचं नाव आलं की सोडा, जो मेनू येईल त्यात फॅक्टरी रीसेट. नव्या सॅमसंगमध्ये केबल जोडल्याशिवाय तो मेनू येत नाही आणि लोक उगाच तासभर बटणं दाबत बसतात. हात थरथरत असतील तर बिल आणि आधार घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा, तेही हेच करतील.

कोपरीहून एक कॉलेजवाला विचारतो: सेकंडहँड फोन घेतला, सात हजार कॅश दिले. घरी येऊन सुरू केला तर आधीच्या माणसाचं जीमेल मागतोय. यूट्यूबवर बायपासचे व्हिडिओ आहेत, करू का?

नको रे बाबा. ज्याने विकला त्याच्याकडे फोन घेऊन जा, त्याने समोर लॉगिन करून अकाउंट काढून द्यावं किंवा पैसे परत करावेत. तो टाळाटाळ करायला लागला तर समजून जा की फोन बहुधा त्याचा नाहीच. त्याच स्क्रीनवरच्या इमर्जन्सी कॉलमध्ये स्टार हॅश शून्य सहा हॅश टाकलंस की आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, दिसेल, तो केवायएम लिहून स्पेस देऊन १४४२२ वर मेसेज कर, फोन ब्लॅकलिस्टमध्ये आहे का ते कळतं. पुढच्या वेळी विकणाऱ्याला तुझ्यासमोर सेटिंगमधून अकाउंट काढायला लाव, रीसेट करायला लाव, नवीन फोनसारखा सुरू झाला की मगच पैसे दे.

ऐरोलीहून एक बाबा: मुलाच्या आयफोनवर अनअव्हेलेबल असं येतंय, पासकोड विसरला म्हणतो. बारावीच्या नोट्स त्यात आहेत.

आयफोनचं गणित त्यातल्या त्यात सरळ आहे पण कडक आहे. पासकोड नुकताच बदलला असेल आणि फोनमध्ये आयओएस १७ किंवा पुढचं असेल तर ७२ तासांत जुना पासकोड चालतो, फरगॉट पासकोडवर दाबलं की तो पर्याय दिसतो. नाहीतर पुसणं. आयओएस १५.२ पासून ते लॉक स्क्रीनवरूनच होतं, फोनला नेट हवं आणि अॅपल अकाउंटचा पासवर्ड हवा. तो पासवर्डही गेला असेल तर आधी तो परत मिळवा, घाईने कॉम्प्युटरला लावून पुसलात तरी अॅक्टिव्हेशन लॉक त्याच अकाउंटपाशी आणून उभा करणार. अॅपलची रिकव्हरी कधीकधी काही दिवस लावते, त्यात फोन करून काही लवकर होत नाही, आणि गूगलवर सापडलेल्या कस्टमर केअरच्या नंबरला तर अजिबात फोन करू नका. ओटीपी किंवा स्क्रीन शेअर मागितलं की तो चोर. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

नोट्सचं म्हणाल तर आयक्लाउडवर फुकट फक्त ५ जीबी मिळतं, पोरांचे व्हिडिओ तेवढ्यात मावत नाहीत आणि बॅकअप कधीच बंद पडलेला असतो, रोज येणारा मेसेज पोरं बाजूला सारतात. पण नोट्स अॅप आणि फाइल्स वेगळ्या सिंक होत असतात, आयक्लाउड डॉट कॉमवर लॉगिन करून बघा, काहीतरी हाताला लागेल.

नेरूळहून एक भगिनी लिहितात: मिस्टर अचानक गेले. त्यांचा अँड्रॉइड फोन बंद आहे, पासवर्ड कोणालाच माहीत नाही. बँकेचं, विम्याचं सगळं त्यातच होतं, आणि त्यांचे आवाजातले मेसेज.

ताई, पैशांसाठी तो फोन उघडायची गरज नाही, हे आधी डोक्यातून काढा. बँकेत आणि विमा कंपनीत मृत्यूचा दाखला, तुमची केवायसी आणि नॉमिनी असाल तर तो फॉर्म, याने काम होतं. फोन उघडला तरी त्यांच्या यूपीआयने पैसे काढू नका, पुढे वारसांच्या कागदपत्रांत तेच अंगाशी येतं. कुठल्या बँका, कुठल्या पॉलिसी हे माहीत नसेल तर जुने इन्कम टॅक्स रिटर्न आणि पासबुकातले प्रीमियमचे हप्ते बघा.

फोन मात्र कोणालाही रीसेट करू देऊ नका, नातेवाईकांत एखादा हुशार भाचा असतोच. सिम चालू ठेवा. प्रीपेड नंबर ९० दिवस अजिबात वापरला नाही तर बंद होऊ शकतो आणि मग तो दुसऱ्याला दिला जातो. घरी लॅपटॉप असेल तर त्यावर क्रोममध्ये त्यांचं जीमेल उघडंच राहिलंय का बघा, बऱ्याच घरी राहिलेलं असतं. गेलेल्या माणसाच्या अकाउंटसाठी गूगलचा वेगळा अर्ज आहे, दाखला आणि तुमचं ओळखपत्र जोडून करायचा. पासवर्ड ते देत नाहीत, काही वेळा आतला मजकूर देतात, हमी नाही. अॅपलमध्ये लेगसी कॉन्टॅक्ट नावाची सोय आहे पण ती माणसाने हयातीत करून ठेवायची असते. फोनचा लॉक दोन्ही कंपन्या काढत नाहीत.

आवाजातले मेसेज तुम्हाला पाठवलेले असतील तर ते तुमच्या स्वतःच्या व्हॉट्सअॅपमध्येही असणार. ते चॅट आजच एक्स्पोर्ट करा, मीडियासकट, आणि मुलांच्या फोनवर पाठवून ठेवा.

कळव्याहून, एका ओळीत: फोन पीयूके मागतोय, फोन पुसावा लागेल का?

नाही, ते सिमचं कुलूप आहे, फोनचं नाही. सिमचा पिन तीनदा चुकला की पीयूके लागतो, सिमच्या कार्डावर छापलेला असतो किंवा कंपनीच्या कस्टमर केअरला दुसऱ्या फोनवरून विचारा. अंदाजाने टाकू नका, दहा वेळा चुकलात तर सिम कायमचं गेलं, मग आधार घेऊन गॅलरीत रांग लावायची आणि त्याच नंबरचं नवीन सिम घ्यायचं.