बारावीला जेईई जानेवारीत द्यावी की बोर्ड झाल्यावर एप्रिलमध्ये?

मुलगी अकरावीत आहे, दापोली तालुक्यात राहतो, बारावीच्या वर्षी जेईई मेन (इंजिनीअरिंगची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा) जानेवारीत द्यावी की बोर्ड आटोपल्यावर एप्रिलमध्ये, असं तुम्ही विचारलंय. जानेवारीत. आणि एप्रिलमध्येही. दोन्हींतला चांगला पर्सेंटाईल धरतात, एक पेपर वाईट गेला म्हणून काही बिघडत नाही.

एवढं ठासून सांगते, कारण मी जानेवारी सोडली होती. २०२० ची बारावी माझी, गाव केळशीच्या बाजूला. २०१९ च्या सप्टेंबरात फॉर्म निघाले तेव्हा काका म्हणाले, "बोर्ड आधी. जानेवारीत प्रिलिम, फेब्रुवारीत प्रॅक्टिकल, त्यात हे कशाला? एप्रिलला दे, अभ्यासही पुरा होईल." काका घरात सगळ्यांत शिकलेले, त्यांच्यापुढे बाबा बोलत नाहीत. मैत्रिणीने फॉर्म भरला, मी नाही भरला.

मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि एप्रिलची परीक्षा पुढे गेली. ३ जूनला निसर्ग वादळ आलं. दुपारी माळ्यावरची कौलं एकेक करून उडाली आणि खाली माझी पुस्तकं होती. वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या, बाबांची आंब्याची जुनी कलमं मुळासकट उपटली. त्या आठवड्यात माझ्या अभ्यासाबद्दल घरात कोण बोलणार? आईने फिजिक्सच्या वह्या चुलीजवळ दोरीवर वाळत घातल्या. बॉलपेनने लिहिलेलं राहिलं, जेल पेनचं सगळं पसरलं. माझी सगळी सूत्रं जेल पेनने लिहिलेली. वीज यायला महिना उलटला. ऑनलाइन तास होते, पण रेंजसाठी सड्यावर चढायचं आणि तिथे पाऊस.

परीक्षा झाली सप्टेंबरात. एसटीचा भरवसा नव्हता, गावातल्या एकाची गाडी करून पहाटे रत्नागिरीला निघालो. मैत्रीणही त्याच गाडीत होती. तिने वाटेत वडापाव खाल्ला, मला पाणीसुद्धा जाईना. तिचा जानेवारीचा पर्सेंटाईल हातात होता, माझ्याकडे तो एकच दिवस होता. माझा पेपर वाईट गेला. पुढे सीईटीवर, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेवर, इंजिनीअरिंग केलं, नोकरीही चांगली आहे, पण ते दुखणं गेलेलं नाही.

काका अजून म्हणतात, "वादळ आलं त्यात माझं काय चुकलं?" वादळ तुमच्यामुळे नाही आलं, काका. पण सगळं एकाच तारखेवर ठेवायला तुम्ही लावलंत. आणि आपल्याकडे एप्रिल-मे म्हणजे आंबा. घरात पेट्या भरायच्या, गडी मिळत नाहीत, बारावीची पोरगीसुद्धा कामाला लागते. जानेवारीत कोकणात घर त्यातल्या त्यात शांत असतं, हे शहरातले क्लासवाले सांगणार नाहीत.

जानेवारीचे फॉर्म हल्ली ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघतात, म्हणून अकरावीचं सगळं दिवाळीच्या आत एकदा फिरवून घ्या. सीईटीत अकरावीचं साधारण वीस टक्के येतं आणि निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. सीईटीही २०२६ पासून दोनदा घ्यायचं राज्याने जाहीर केलंय. आयआयटीसाठी मेननंतर जी जेईई अॅडव्हान्स्ड असते, तिला लागोपाठच्या दोनच वर्षांत बसता येतं, मेन तीन वर्षं देता येते.

हे सगळं इंजिनीअरिंगचं. मुलीला मेडिकलला जायचं असेल तर नीट ही परीक्षा वर्षातून एकदाच, मे महिन्यात, तिथे निवडायला काही नाही. आणि तिला जेईई द्यायचीच नसेल तर जबरदस्ती करू नका, सीईटीवर चांगली कॉलेजं मिळतात.

गेल्या वर्षी काकांच्या धाकट्याचा जानेवारीचा फॉर्म मीच भरला. पहिलं केंद्र रत्नागिरी, दुसरं कोल्हापूर. काका शेजारी बसून होते. फोटोची साईज बसेना तेव्हा स्वतः उठून स्टुडिओत गेले आणि दुसरा काढून आणला.