जड पाण्यातला कोरा चहा

प्रश्न : आमच्याकडे बोअरचे पाणी येते. त्यात केलेला कोरा चहा काळपट दिसतो, पण चव लागत नाही, आणि जरा निवला की वर तेलकट तवंग धरतो. दार्जिलिंगची महाग पत्ती आणली, तरी तेच. पत्ती वाढवावी, की पाण्यात तुरटी फिरवावी?
— एक वाचक, लातूर जिल्हा

उत्तर : दोष पत्तीचा नाही. आपल्याकडच्या बसाल्ट खडकातून उपसलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार बरेचदा भरपूर असतात; ज्या पाण्यात डाळ शिजायला वेळ घेते, त्यात चहाही खुलत नाही. तवंगही तेलाचा नव्हे. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातील मायकेल स्पिरो आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९३ मध्ये दाखवून दिले, की पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट ही दोन्ही असली, तरच चहातील द्रव्यांचे हवेशी संयोग होऊन ही साय धरते. बायकार्बोनेटमुळे चहाची नैसर्गिक आम्लता मारली जाते, म्हणून रंग गडद होतो आणि जिभेला जाणवणारी तरतरी मात्र हरवते.

तुरटीने गढूळपणा खाली बसतो, जडपणा जात नाही. त्याऐवजी पाणी दहा मिनिटे खळखळ उकळू द्यावे, झाकून निवू द्यावे, तळाशी पांढरा साका बसला की तो न हलवता वरचे निवळ पाणी अलगद ओतून घ्यावे आणि तेच पुन्हा उकळून चहाला वापरावे. एकदा उकळलेले पाणी चहाला घेऊ नये, असे सांगितले जाते. तुमच्या पाण्यापुरता हा नियम खुशाल मोडावा, कारण साक्याबरोबर बायकार्बोनेटचा मोठा भाग निघून जातो. आरओचे पाणी असल्यास त्यात थोडे हे निवळ पाणी मिसळावे. नुसत्या आरओच्या पाण्यात चहा मला फार तुरट लागतो. न्हाणीघरात बसवलेल्या सॉफ्टनरने तवंग टळेल, पण चव आणि रंग सुधारणार नाहीत, कारण तो कॅल्शियमच्या जागी सोडियम आणतो आणि बायकार्बोनेट तसेच राहते.

मग कपाला एक सपाट चमचा पत्ती घ्यावी, गॅस बंद करून ती पाण्यात टाकावी, तीन-चार मिनिटे झाकून ठेवावी आणि गाळावी. पत्ती वाढवल्यास तवंग थोडा कमी धरतो हे खरे, पण कडवटपणा वाढतो. लिंबाचे चार थेंब पिळले, तर तवंग धरत नाही आणि रंगही उजळतो. दार्जिलिंगचा नाजूक सुगंध अशा पाण्यात वाया जातो, तेव्हा रोजच्यासाठी आसामची पत्ती घ्यावी आणि दार्जिलिंग पावसाळ्यात, पन्हाळीचे स्वच्छ गाळलेले पाणी मिळेल तेव्हा, उकळत्या पाण्यात करून पाहावी.