मुलांच्या हाती शेळीची धार : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : परसात दोन शेळ्या आहेत, त्यांतली एक नुकतीच व्याली. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा. दोघांनाही धार काढायची हौस आहे. शिकवावे का? सुरुवात कुठून करावी?
— एक पालक, पेडणे

उत्तर : जरूर शिकवा, पण सुरुवात धारेपासून नको. पहिला आठवडाभर मुलीने शेळी ओट्यावर चढवायची, खुराक घालायचा आणि कास पुसायची, एवढेच. ओट्यासाठी चिऱ्यांचे दोन थर रचून वर जाड फळी टाकली की काम भागते. साधारण दीड फूट उंची मिळाली म्हणजे मुलांना वाकावे लागत नाही आणि भांड्यात काय पडते ते दिसते. पुष्कळ घरांत शेळीच्या मागे बसून धार काढतात. मुलांना मात्र बाजूलाच बसवा. मागून काढताना लेंड्या भांड्यात पडायची भीती असते.

नखे कापलेली हवीत, हात साबणाने धुतलेले हवेत. कास कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून लगेच कोरडी करायची. ओल्या कासेवरचे मळके पाणी ओघळून थेट दुधात येते. मग वाटीवर काळे कापड ताणून प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन पिचकाऱ्या त्यावर सोडायच्या. गुठळ्या, धागे, रक्ताची छटा किंवा पाण्यासारखे दूध दिसले तर कासदाहाची शंका घ्यायची, ते दूध बाजूला ठेवायचे आणि मोठ्यांना हाक मारायची. आमच्या मते मुलांनी शिकण्यासारखी सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. धार हाताला कधी ना कधी जमतेच, बघायची सवय मात्र लावावी लागते.

आता मूठ. सड कासेला जिथे मिळतो तिथे अंगठा आणि तर्जनीने तो आधी बंद करायचा. मग मधले बोट, अनामिका, करंगळी अशी एकेक करून मिटत न्यायची. मूठ सैल केली की सड पुन्हा भरतो. ओढायचे अजिबात नाही. वरची पकड ढिली राहिली तर दूध खाली येण्याऐवजी परत कासेत चढते. ‘मी इतके दाबते, तरी येतच नाही’ ही तक्रार बहुधा त्यामुळेच असते. सरावासाठी रबरी हातमोज्यात पाणी भरा, एका बोटाच्या टोकाला सुईने भोक पाडा आणि मुलांना खुशाल पिळू द्या. अंगठा मुडपून त्याच्या पेराने दाबायची सवय मात्र मोडून काढा, कारण तिने सडाला आतून इजा होते. पहिल्या वेताच्या शेळीचे सड आखूड असले तर चिमटीने काढावे लागते, पण बोटे दुधात बुडवून नव्हे.

शेवटी सडांची टोके पशुवैद्यांनी सांगितलेल्या आयोडीनच्या द्रावणात बुडवा. सडाचे तोंड लगेच मिटत नाही, म्हणून शेळीला अर्धा तास तरी खाली बसू देऊ नका. समोर फणसाचा पाला टांगला की ती आपोआप उभी राहते.

सहा वर्षांच्या मुलाचे हात कास रिकामी होण्याआधीच थकतात. दूध आत राहिले की उत्पादन घटते आणि कासदाहालाही वाट मिळते. त्याने चार पिचकाऱ्या काढाव्यात, बाकीचे मोठ्यांनी. नुकत्याच व्यालेल्या शेळीचा पहिल्या चार-पाच दिवसांचा चीक करडाचा, आणि त्यातला पहिला घोट जन्मल्यापासून तासाभरात त्याच्या पोटात जायला हवा.

प्रश्न : माझ्या हाताला शेळी शांत उभी राहते. मुलगा बसला की लाथा झाडते, दूधही कमी देते.
— वाळपई

उत्तर : आधी मुलाची नखे पाहा, मग शेळीचे सड. सडावर चीर किंवा कासेला गोचीड असेल तर ती कुणालाच उभी राहणार नाही. तसे काही नसेल तर खुराक धार संपायच्या आधी संपतो का ते बघा. नवशिक्याला वेळ जास्त लागतो, तेव्हा तेवढाच खुराक थोडाथोडा घाला. कुत्रा, आरडाओरडा किंवा एखादी चापट यांनी शेळी घाबरली की ती पान्हा चोरते. शेळीचे बरेचसे दूध कासेच्या खालच्या पोकळीत साठलेले असते, म्हणून पान्हा नसतानाही सुरुवातीची धार चांगली लागते आणि झाले असे मुलाला वाटते. शेवटचे, जास्त स्निग्ध दूध आतच राहते. धार बारीक झाली की कासेला हलक्या हाताने चोळा आणि पुन्हा काढा. भांड्यात खूर पडला तर ते दूध घरात वापरायचे नाही, कितीही जीव हळहळला तरी.

प्रश्न : प्राथमिक शाळेत यातून गणित-विज्ञान शिकवता येईल का?
— एक शिक्षिका, डिचोली

उत्तर : एक वही आणि एक तराजू पुरे. भांड्याचे वजन वजा करून रोजचे दूध लिहायचे. एक लिटर दूध एक किलोहून किंचित जास्त भरते, हे मुलांनी स्वतः मोजून पाहावे. करडाला रोज वजनाच्या दहाव्या हिश्शाइतके दूध लागते असे धरले तर तीन किलोच्या करडाला ३०० मिली, तेही तीन-चार वेळांत. गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा, म्हणजे १ जुलैला फळलेली शेळी २८ नोव्हेंबरच्या आसपास विणार. पावसाळ्यात शेळीची खालची पापणी हळूच उलटून रंग नोंदवावा. लालसर गुलाबी असेल तर ठीक. फिकट पांढरी असेल तर बहुधा जंतांमुळे रक्त कमी झालेले असते, तेव्हा पशुवैद्यांना बोलवा. कोकण कन्याळ ही शेळीची जात आपल्या पावसात तग धरते, पण ती मुख्यतः मांसासाठी पाळतात. दुधाचे आकडे लहान आले तर मुलांना कारण सांगा.

प्रश्न : धारोष्ण दूध मुलांना द्यावे का? डेंगीत ते उपयोगी असते म्हणतात.
— फोंडा

उत्तर : कच्चे देऊ नका. ब्रुसेलाचे जंतू शेळीच्या दुधातून माणसात येतात. माल्टामध्ये १९०५ साली हेच उघड झाले. त्या आजाराला माल्टा ताप असेही म्हणतात. गाळून, उकळी आणून, मगच पेल्यात. डेंगीत या दुधाने प्लेटलेट वाढतात याला वैद्यकीय आधार नाही, तापाच्या दिवसांत चढ्या भावाने दूध शोधत फिरू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला हे दूध मुख्य आहार म्हणून नको, त्यात फोलेट हे जीवनसत्त्व फार कमी असते. गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्यांनाही ते बहुधा चालत नाही, कारण दोन्हींतली प्रथिने सारखीच. आणखी एक : करडांच्या ओठांवर खपल्या दिसल्या तर तो मावा हा संसर्गजन्य त्वचारोग असू शकतो. तो मुलांच्या हातांना लागतो, तेव्हा बाटलीने पाजण्याचे काम मोठ्यांनी करावे.

प्रश्न : चवथीला चार दिवस मूळ घरी जातो. धार बंद ठेवली तर चालेल?
— काणकोण

उत्तर : करडे अजून पीत असतील तर त्यांना दिवसरात्र आईबरोबर मोकळी ठेवा, मात्र रोज कुणीतरी कासेच्या दोन्ही बाजू चाचपून पाहायला हवी. एकटे करडू कधी कधी एकच सड पिते, दुसरा ताठतो. करडे दुधावरून तोडलेली असतील तर एकदम बंद नको, शेजाऱ्याला सांगा. परतल्यावर पहिली पिचकारी काळ्या कापडावरच.