यादीतलं शहर आणि रोजचं शहर

तुम्ही विचारलंत, दोन शहरांतून नोकरीची ऑफर आहे, कुठली घ्यावी? एक राहण्याजोग्या शहरांच्या यादीत वर, दुसरं बरंच खाली. पगार जवळपास सारखा, बायको आणि लहान मुलगी सोबत. मी देश सोडून ११ वर्षं झाली, सध्या तिसऱ्या शहरात आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

त्या याद्या काय मोजतात ते आधी बघा. इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट या संशोधन संस्थेच्या यादीत स्थैर्य, आरोग्यसेवा, संस्कृती व पर्यावरण, शिक्षण आणि पायाभूत सुविधा असतात. २०२२ ते २०२४ व्हिएन्ना पहिलं होतं, २०२५मध्ये कोपनहेगन. राहण्याचा खर्च त्यात धरलेला नसतो. परदेशी पाठवलेल्या माणसाला गैरसोयीचा भत्ता किती द्यायचा, हे ठरवायला कंपन्या अशा याद्या वापरतात. तिथे तुमच्या घरी कुणी सहज डोकावेल का, हे त्यातून कळत नाही.

पहिल्या शहरात मी मोठ्या घरासाठी लांब राहिलो. जायला सव्वा तास, यायला सव्वा तास. हिवाळ्यात ते घर उजेडात दिसायचं फक्त शनिवार-रविवारी. सवय होईल असं वाटलं होतं. जास्तीच्या खोलीची झाली, प्रवासाची नाही. ब्रुनो फ्राय आणि आलोइस स्टुट्झर या अर्थशास्त्रज्ञांना जर्मनीतल्या पाहणीत हेच दिसलं: प्रवास लांबला की समाधान घटतं आणि पगार किंवा घर त्याची पुरती भरपाई करत नाहीत. म्हणून अर्ध्या तासात ऑफिस गाठता येईल असं घर कुठल्या शहरात परवडतं, ते आधी काढा. माझ्या मते निम्मा निर्णय तिथेच होतो.

मग गल्ली बघा. शहररचनेचे अभ्यासक डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या तीन सारख्या रस्त्यांवर चौकशी केली होती. कमी रहदारीच्या रस्त्यावर माणशी त्याच रस्त्यावरचे सरासरी ३ मित्र निघाले, वाहत्या रस्त्यावर १ सुद्धा नाही. मुलगी लहान आहे, तिच्यासाठी हे फार महत्त्वाचं आहे.

आणि बायकोला तिथे काम करायची परवानगी आहे का, हे लेखी विचारा. माझ्या बायकोला पहिली दोन वर्षं नव्हती. ती दिवसभर एकटी असायची, आणि ते शहर आम्ही सोडलं ते मुख्यतः त्यामुळेच.

जमलं तर सही करण्याआधी आठवडाभर तिथे राहून या, हॉटेलात नको, जिथे घर घ्याल त्या भागात. ऑफिसच्या वेळेला निघून बघा, रात्री खिडकी उघडून झोपा.