आधी आजीला बसायला जागा दे

वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. मी अनगोळला राहते. लग्नाआधी सात वर्षं भरतनाट्यम शिकले, परीक्षाही दिल्या. गेल्या जूनमध्ये घराजवळ महिना ४,००० रुपये भाड्यानं हॉल घेतला आणि तीन ते पाच वर्षांच्या मुलांचा डान्स क्लास सुरू केला. २,००० पत्रकं छापून पेपरातून टाकली, बाहेर मोठा फ्लेक्स लावला. आठवड्यातून तीन दिवस, तासाभराचा क्लास, फी महिना ७०० रुपये. पालक आत असले की मुलं लाडात येतात, म्हणून दार लावून घेते. आठ मुलं आली होती, गणपतीपर्यंत तीन उरली. अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर काढून अर्धं, बसवलं की रडतात, पळतात. फोन करणारे 'घरात विचारून सांगतो' म्हणतात आणि पुन्हा फिरकत नाहीत. सासूबाई म्हणतात, 'इतक्या बारक्या पोरांना नाचाला कोण घालतंय?' क्लास बंद करू का?
— एक भगिनी, अनगोळ, बेळगाव

उत्तर : बंद करू नकोस. वयानं तू माझ्या धाकटीएवढी असशील, म्हणून अगं-तुगंच करते, राग मानू नकोस.

सोबत पाठवलेलं पत्रक मी दोनदा वाचलं. वर 'क्लासिकल, वेस्टर्न, बॉलीवूड, फ्रीस्टाइल', मध्ये कमरेवर हात ठेवलेली चौदा-पंधरा वर्षांची मुलगी, खाली फोन नंबर. त्यात तीन वर्षांचं पोर कुठंच नाही. आणि त्याला घेऊन येणारं माणूसही नाही. तीन वर्षांचं पोर एकटं येत नाही गं. त्याचं बोट धरून कुणीतरी येतं, आणि आपल्याकडं ते कुणीतरी बहुतेक घरांत आजी असते. 'घरात विचारून सांगतो' म्हणजे तिलाच विचारणार. संध्याकाळी चहा पिताना ती जे बोलेल, त्यावर पोर उद्या तुझ्याकडं येणार की नाही ते ठरतं. तू त्या माणसाच्या तोंडावर दार लावून घेतेस.

मीही लावत होते. शाहापूरला ३१ वर्षं मी बालवाडीत शिकवलं, आणि त्यातली १८ वर्षं संध्याकाळी घराच्या पुढच्या सोप्यात बारक्या पोरांचा नाच घेतला. पहिल्या वर्षी दार बंद. मोठ्या मुलांना ते चालतं. तीन वर्षांच्या पोराला दार बंद झालं म्हणजे आई गेली, संपलं. रोज रडारड. वडगावहून एक आजी नातवाला घेऊन चालत यायच्या. अंगावर इरकल, डोक्यावर पदर, नातवाची पिवळी छत्री हातात. पोर आत, आणि त्या पावसात वळचणीला उभ्या. एका मंगळवारी मला ते बघवेना. दार उघडलं, स्टूल दिलं. नातू त्यांच्या पदराचं टोक मुठीत धरून गुडघ्याला टेकून उभा राहिला. नाचला नाही. पण त्याचा डावा पाय फरशीवर टपटप वाजत होता, ढोलकीच्या अर्धा ठोका मागं. आजींनी ते पाहिलं. काही बोलल्या नाहीत, त्याच्या खांद्यावरचा हात तेवढा हळूच काढून घेतला. पुढच्या आठवड्यात त्याच आजी आपल्या बोळातली आणखी तीन पोरं घेऊन आल्या. त्या वर्षी मी एकही पत्रक छापलं नाही.

म्हणून पहिलं काम, भिंतीला लागून चार खुर्च्या ठेव. बाक नको, खुर्च्याच. आजींचे गुडघे जमिनीवर बसू देत नाहीत आणि पाठीला टेकू लागतो. प्यायला पाणी ठेव. पावसाळ्यात ओल्या चपला आणि छत्र्यांना आत जागा कर, नाहीतर अर्धं लक्ष बाहेरच्या चपलांवर राहतं. बाथरूम कुठं आहे ते पहिल्याच दिवशी दाखव. तीन वर्षांच्या पोराला लागली म्हणजे लागली. आणि क्लास सुटल्यावर पोर ज्याच्याबरोबर आलं त्याच्याच हातात दे. दुसरं कुणी न्यायला आलं तर आईला फोन केल्याशिवाय सोडायचं नाही, ओळखीचं असलं तरी. हा नियम मोठ्यानं सांग. आयांना असा नियम हवाच असतो.

पालक बसले की मुलं लाडात येतात हे खरं आहे. येऊ देत. दोन-तीन आठवड्यांत पोर आपण होऊन खुर्चीपासून सुटतं. मग आजींना खुर्ची जरा दाराकडं सरकवायला सांगायची. पुढच्या आठवड्यात आणखी जरा.

आता तुझ्या अरमंडीबद्दल. विद्या तुझी चोख आहे, पण वय चुकतंय. तीन वर्षांचं पोर दोन्ही पायांनी उडी मारतं. लंगडी घालायला साधारण चार वर्षं लागतात, आणि एकदा हा पाय एकदा तो असं उड्या मारत पुढं जाणं पाच-सहाव्या वर्षी कुठं जमतं. त्याला गुडघे बाहेर काढून अर्धं बसायला लावलं तर ते रडणारच. अरमंडी सहा-सात वर्षांपर्यंत राहू दे. आता चाल, उडी, गिरकी, थांबणं. थांबणं तर फार मोठी गोष्ट आहे! ढोलकी थांबली की पुतळा. पोरांना यातला थरार किती वाटतो ते बघ, आणि पुढच्या सगळ्या तालाचा पाया त्यातच पडतो. तास नको, ३५ मिनिटं पुरे. शेवटची पाच मिनिटं आडवं पडून पोटावरचा हात वरखाली होताना बघायचा. हॉलमध्ये शहाबादी फरशी असेल तर उड्या कमी घे, जाड चटई घाल, सतरंजी घालू नकोस, ती सरकते. पाय अनवाणी. स्पीकर बारीक. आपल्याकडं लाइट कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा एक ढोलकी आणि टाळ जवळ असू देत. शिंप्याकडं खणाची, साडीची कातरणं मागितली तर मिळतात. माझ्याकडं अशा रंगीत पट्ट्यांची एक टोपली होती. जे पोर हात वर करत नसे, ते हातात पट्टी दिली की करायचं.

मोजताना एकदा 'एक, दोन, तीन, चार' म्हण आणि एकदा 'ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु'. 'बा' (ये), 'निल्लु' (थांब), 'कूतको' (बस) एवढे शब्द जरी कन्नडमधून घेतलेस तरी कन्नड घरातली आई खुर्चीत सावरून बसते. आपल्या गल्लीत मराठी, कन्नड, उर्दू, कोकणी सगळी घरं आहेत, आणि तीन वर्षांच्या पोराला कुठलीच भाषा परकी नसते. माझ्याकडं मराठी पोरं घरी जाऊन आजोबांना कन्नड आकडे म्हणून दाखवायची. दुकानांच्या, संस्थांच्या पाटीवर ६० टक्के कन्नड असलं पाहिजे असा कर्नाटकात २०२४ पासून कायदा आहे, हे तुला ठाऊकच असेल. मराठी पाटीबद्दल आपल्या सगळ्यांच्याच मनात काय आहे ते मी वेगळं सांगायला नको. पण पत्रक तुझ्या हातात आहे. ते एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड छाप. आणि त्यावर एवढंच लिही : वय तीन ते पाच, वेळ ३५ मिनिटं, आई-आजींनी सोबत बसावं, पहिले तीन दिवस फी नाही. तीन दिवस का, तर पहिल्या दिवशी पोर रडतं, दुसऱ्या दिवशी बघतं, तिसऱ्या दिवशी कुठं पाय हलतो. एकच दिवस फुकट ठेवलास तर घरच्यांना फक्त रडणं दिसतं.

फी महिन्यावर ठेवू नकोस. जुलै-ऑगस्टच्या आपल्या पावसात बारकी पोरं महिन्यात दोनदा आजारी पडतात, आणि 'सातशे दिले, गेलं चारच वेळा' हा हिशेब आजी बरोबर मांडते. आठ वेळांचं कार्ड कर. आलं की टिंब. कार्ड दोन महिने चालू दे. आठवड्यातून दोन दिवस बस्स झाले, संध्याकाळी पाच वाजता. दुपारची झोप झालेली असते आणि दूधही पोटात गेलेलं असतं.

'एवढ्या लहान पोराला याचा उपयोग काय?' असं कुणी विचारलं तर मोघम बोलू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय की तीन-चार वर्षांच्या मुलांची दिवसाला निदान १८० मिनिटं हालचाल व्हावी, त्यातली ६० मिनिटं चांगली दमवणारी, आणि स्क्रीन एका तासाच्या वर नको. मोबाइल धरल्याशिवाय पोर जेवत नाही ही तक्रार आज प्रत्येक घरात आहे. तुझ्याकडं त्यातली ३५ मिनिटं तरी मोबाइलशिवाय जातात, हे सांग.

आणि पेपरात पत्रकं टाकणं सोड. संक्रांत जवळ आली. तिथून रथसप्तमीपर्यंत गल्लोगल्ली बोरन्हाणं होतात. पाच वर्षांखालची सगळी पोरं एका चटईवर, भोवती आया, आज्या, आत्या. अशी जागा तुला वर्षात दुसरी मिळणार नाही! ओळखीच्या दोन-तीन घरी आधी विचार : 'बोरं लुटून झाली की दहा मिनिटं मुलांचा खेळ घेऊ का?' ढोलकी घेऊन जा, पट्ट्यांची टोपली ने. पुतळ्याचा खेळ घे. चिरमुरे पायाखाली कुरकुरतात, पोरं खूश होतात. तिथं फीबद्दल अवाक्षर काढू नकोस. निघताना कुणी विचारलं तरच पत्रक दे. विचारतीलच.

स्टेजच्या बाबतीत मात्र माझं ऐक. एका वर्षी एका कार्यक्रमाला मी अकरा बारकी पोरं घेऊन गेले. भाड्याचे कपडे, गालाला रंग. आयोजकांनी सात वाजताची वेळ दिली होती, आमचा नंबर साडेनऊला आला. चार पोरं मांडीवर झोपलेली, एकीनं कपडे ओले केलेले. मी तरीही उठवून स्टेजवर उभं केलं. तिच्या आईनं मला काही म्हटलं नाही, पण ती मुलगी परत आली नाही, आणि त्या मुलीच्या डोळ्यांतली झोप मला अजून आठवते. आपल्या शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते. तिथं कुणी 'तुमची लहान मुलं द्या' म्हणालं तर हात जोडून नाही म्हण. दाखवायचंच असेल तर तुझ्याच हॉलमध्ये, शनिवारी संध्याकाळी, घरच्या कपड्यांत, वीस मिनिटं. त्यात शेवटी आज्यांनाच फुगडीला बोलाव. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ टाकायचा असेल तर आईला विचारून, आणि चेहऱ्यांपेक्षा पायांचा टाक. सहा छोट्या पायांचा व्हिडिओ बघून लोक तुला फोन करतील.

सासूबाईंनाही एक खुर्ची दे. रोज. त्यांचा प्रश्न त्या तिथं बसूनच मागं घेतील.

प्रश्न : माझा साडेचार वर्षांचा मुलगा नाचाच्या क्लासला हट्टानं जातो. माझे वडील म्हणतात, पोरग्याला नाचाला कशाला घालायचं. त्यांना दुखवायचं नाही. काय सांगू?
— एक वडील, निपाणी

उत्तर : दादा, त्यांना काही सांगू नका, विचारा. लहानपणी लेझीम खेळलात का? धनगरांचं गजनृत्य पाहिलंत का? गोंधळी, वासुदेव, तिकडं कन्नड मुलखात डोळ्ळु कुणित म्हणजे ढोलावरचा नाच, यक्षगान, सगळीकडं पुरुषच नाचत आले. कथ्थकचे पंडित बिरजू महाराज घरातल्या पुरुषांकडूनच शिकले. आप्पाचीवाडीला हालसिद्धनाथाच्या यात्रेला नातवाला आजोबांबरोबर पाठवा. ढोल वाजायला लागला की आजोबांच्या पायाकडं लक्ष ठेवायला मुलाला सांगा.

प्रश्न : माझी मुलगी सव्वातीन वर्षांची. दोन महिने क्लासला नेते, पण ती माझ्या मांडीवरून उतरतच नाही. घरात नाचते, खरं तिथं पायच उचलत नाही. पैसे वाया चाललेत का?
— एक आई, खानापूर

उत्तर : नाही गं. घरात ती काय नाचते ते एकदा नीट बघ, क्लासमधलंच असेल. माझ्याकडं एक मुलगा सात आठवडे नुसता बसला होता. त्याच्या आजीनं येऊन सांगितलं, 'बाई, घरात आमाला सगळ्यास्नी रांगेत उभं करतंय, आणि थांबा म्हटलं की हलू देत नाही.' त्याचा धडा शिकून झाला होता. तुझ्या लेकीला 'जा, नाच' म्हणू नकोस, पुढं ढकलू नकोस. तू स्वतः मांडीवर ताल धर. बाईंना सांगून पुढच्या वेळी पट्ट्यांची टोपली वाटायचं काम तिला मिळवून दे. वाटायला म्हणून ती मांडीवरून उतरेल.